डेव्ही क्वेडचे गुरुवार

मला सहासष्ट पूर्ण झाली त्याच आठवड्यात फुकट प्रवासाचा पास पोस्टानं आला. आयलीन हॅन्रहनला तो आठ महिने आधीच मिळाला होता, पण तिनं तो एकदाही वापरला नव्हता. पाकिटातून काढायची, त्यावरचा स्वतःचा फोटो बघून "तुरुंगातून सुटल्यासारखी दिसते" म्हणायची आणि परत ठेवून द्यायची. मी म्हटलं, अगं, मग जात का नाहीस कुठे? तर म्हणाली, "एकटीनं भटकायला मी काय मांजर आहे? तू म्हातारी होईपर्यंत थांबते."

आणि खरंच थांबली. लिमरिकमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून बटाटे सोलले होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट एकटीनं करायची आम्हाला सवयच नव्हती.

मग सुरू झाले आमचे मंगळवार. नियम दोनच. गावात जुनं काहीतरी पाहिजे, म्हणजे किल्ला, तटबंदी नाहीतर पडकं चर्च. आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर चहा पाहिजे. एनिस झालं, केहर झालं. नीना गावातल्या किल्ल्याच्या गोल मनोऱ्याला एकशेएक पायऱ्या आहेत. आयलीननं त्या मोठ्यानं मोजल्या, दर दहा पायऱ्यांना एक शिवी घातली आणि वर पोचल्यावर खालच्या सगळ्या गाईंना हात हलवून दाखवला. माझा नवरा म्हणाला, "तुम्हा दोघींना सरकारनं पास दिला ही देशाची चूक झाली."

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी आम्ही किल्मॅलकला निघालो. बस चालवायला पास्कल होता, केरीचा माणूस, तो मार्ग त्याचाच. उतरताना म्हणाला, "पोरींनो, परतीची शेवटची साडेचारला. चुकलात तर गाईंबरोबर झोपायचं."

"गाईंनी काय पाप केलंय?" आयलीन म्हणाली आणि उतरली.

आता हे आधीच सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. किल्मॅलकमध्ये पीटर आणि पॉल या संतांच्या नावाची दोन चर्चेस आहेत. एक नदीकाठचं, कित्येक शतकांपूर्वीचं, छप्पर उडालेलं. ते बघायला आम्ही आलो होतो. दुसरं उंच कळसाचं, चालतं, जिथं रोज मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते. हे दुसरं आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

वाण्याच्या दुकानाबाहेर एक बाई कोबी रचून ठेवत होती. मी विचारलं, "पीटर आणि पॉल कुठे हो?"

तिनं आमचे गडद कोट पाहिले आणि आवाज खाली आणला. "सरळ जा, कळस दिसेलच. पण पाय उचला, सुरू व्हायच्या बेतात आहे."

"बघ," आयलीन मला म्हणाली, "इथं माहिती सांगत फिरवतात. मी म्हटलं नव्हतं, हे गाव चांगलं आहे म्हणून?"

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. दारात काळ्या सुटातला एक उंच, गंभीर माणूस उभा होता, हातात पातळ पुस्तिकांचा गठ्ठा. आयलीननं धापा टाकत पास त्याच्या नाकासमोर धरला.

"दोन. ज्येष्ठ नागरिक."

त्यानं पासकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि फार हळुवारपणे म्हणाला, "त्याची गरज नाही, बाई. या."

"फुकट!" आयलीन मला म्हणाली. मग त्याला, "किती वेळ चालतं?"

"पाऊण तास. मग सगळे दफनभूमीकडे जातील."

"दफनभूमी यातच धरलीय?"

"हो, बाई."

"आणि बसायला मिळतं?"

"पुढे जागा ठेवलीय," तो म्हणाला. तिच्या कोपराला हलकेच धरून त्यानं आम्हाला थेट दुसऱ्या बाकापर्यंत नेलं. आमच्या एका बाजूला दगडी खांब आणि दुसऱ्या बाजूला चार दांडगे पुरुष. म्हणजे बसलो ते अडकलोच.

आयलीन मान वर करून बघायला लागली. "पडकं म्हणाली होतीस ना तू?"

"डागडुजी केली असेल."

"फारच मनावर घेतलीय गं. फुलंसुद्धा ठेवलीत."

तिनं पुस्तिका उघडली. आत टोपीवाल्या एका माणसाचा फोटो होता. लाजल्यासारखं हसणारा, कान मोठे. खाली नाव: डेव्हिड क्वेड, वय चौऱ्याहत्तर. आयलीन माझ्या कानाशी लागली. "यानं बांधलं असेल का?"

तेवढ्यात ऑर्गन वाजला. सगळे उठले. आम्हीही उठलो, आणि उठताना आयलीनची नजर डावीकडे गेली. खांबाआड, हाताच्या अंतरावर, चार मेणबत्त्यांच्या मध्ये, शवपेटी.

तिनं पुस्तिका मिटली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "कार्मेल. दफनभूमी यातच धरलीय."

झालं. माझ्या पोटातून जे उसळलं ते मी हातमोजा दातात धरून दाबलं. सहासष्ट वर्षांची बाई मी, नातवंडांची आजी, परक्या माणसाच्या पेटीशेजारी उभी राहून हसत होते. थांबव म्हणावं म्हणून आयलीनकडे पाहिलं, तर तिचा चेहरा बिटासारखा लाल, डोळ्यांतून धारा, खांदे गदगदा हलतायत. आम्ही खाली बसलो तर बाकच थरथरायला लागला. मी मेलेल्या सगळ्या नातेवाइकांची नावं आठवून पाहिली. उपयोग झाला नाही. तितक्यात मागून एक म्हातारा हात पुढे आला, त्यात इस्त्री केलेला पांढरा रुमाल, आणि कोणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्यानं तर मी संपलेच.

वेदीवर फादर बोलता बोलता थांबले. आमच्याकडे फार मायेनं बघून म्हणाले, "ज्यांना आज अश्रू आवरत नाहीत, त्यांनी ते आवरू नयेत."

आयलीनच्या तोंडून उकळत्या किटलीसारखा आवाज निघाला. सगळ्या चर्चनं उसासा टाकला.

मिस्सा संपल्यावर निसटायचं ठरवलं होतं, पण पुढच्या बाकावरची काळ्या पोशाखातली बाई वळली आणि तिनं सरळ आयलीनला मिठीच मारली. पन्नाशीची असेल, डोळे सुजलेले. ती नोरीन, गेलेल्या डेव्हीची पुतणी. त्याला मूलबाळ नव्हतं. रक्ताचं असं जवळचं तीच.

"तुम्ही लिमरिकहून आलात?" तिनं विचारलं.

"हो, सकाळच्या बसनं."

नोरीनचे डोळे भरून आले. "गुरुवारच्या?"

आयलीनला वाटलं ही बसबद्दल विचारतेय. "आमचा खरं म्हणजे मंगळवार असतो. पण गुरुवारही चालतो."

"मला माहीत होतं," नोरीन म्हणाली, "मला माहीतच होतं." आणि तिनं आयलीनच्या दंडाला जी मिठी घातली ती दफनभूमीपर्यंत सोडली नाही. मी मागे, रुमाल देणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर. तो टिमी-जो, डेव्हीचा चुलतभाऊ. चालताना सगळी हकिगत त्यानंच मला सांगितली, न विचारता.

डेव्ही एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला गेला. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात मोटारी जोडल्या, लग्न केलं नाही, आठ वर्षांपूर्वी परत आला आणि नोरीनच्या शेजारच्या घरात एकटा राहायला लागला. बोलायचा बेताचंच. छातीचं दुखणं. पण दर गुरुवारी सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून लिमरिकची बस पकडायचा आणि संध्याकाळी खुशीत परत यायचा. कुठे गेला होता ते एका शब्दानं कोणाला सांगितलं नाही.

"आता तुम्हीच सांगा बाई," टिमी-जो म्हणाला, "बाईमाणूस असल्याशिवाय पुरुष गुरुवारी शर्टाला इस्त्री करतो का? आठ वर्षं झाली, सगळं गाव वाट बघतंय. आज आली." तो मान तिरकी करून पुढे चाललेल्या आयलीनकडे बघत राहिला. "उंच निघाली. मला वाटलं होतं बुटकी असेल."

दफनभूमीत मी कशीबशी आयलीनच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फादरांची प्रार्थना चालू होती.

"आयलीन, तू त्याची बाई आहेस."

"कोणाची?"

"पेटीतल्याची."

तिनं हळूच खड्ड्याकडे पाहिलं, मग पुस्तिकेतल्या फोटोकडे. "कान मोठे आहेत," म्हणाली. मग हबकून, "अगं बाई! सांगून टाकूया."

पण सांगायचं कसं? नोरीन नाक पुसत तिच्याच खांद्याला टेकली होती आणि म्हणत होती, "काका एकटा नव्हता, एवढं कळलं ना, मला रात्री झोप लागेल." असं म्हणणाऱ्या बाईला कबरीच्या काठावर काय सांगणार?

तिथून मंडळी दफनानंतरच्या जेवणाला हॉटेलात गेली. चाळिसांची पानं मांडली होती आणि आलेली माणसं वीसही नव्हती. सत्तेचाळीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला गावात ओळखणारं कितीसं उरणार? रिकाम्या खुर्च्या बघून नोरीनचा चेहरा उतरला. मग तिनं आम्हा दोघींना मधोमध बसवलं आणि जरा सावरली. काळ्या सुटातला तो दारातला माणूसही होता, टेबलाच्या टोकाला. त्याचं नाव हेफर्नन, अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्याची. कोटावर दारू न पिणाऱ्यांचा बिल्ला. बाकीच्यांपुढे व्हिस्की आली, त्याच्यापुढे संत्र्याचं सरबत.

मी टेबलाखालून आयलीनला चिमटा काढला. "सांग आता."

"सूप झाल्यावर."

सूप झालं. "आता सांग."

"बीफ येतंय ना. उपाशी पोटी कबुली देऊ का?"

भाजलेलं बीफ आलं, दोन प्रकारचे बटाटे आले. आयलीननं बटाट्याचा घास घेतला आणि माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात असा बटाटा पाठवला असता तर पोरांनी फेकून मारला असता. त्याही स्थितीत मला हसू फुटलं. टिमी-जोनं लगेच दुसरा रुमाल काढला. किती आणले होते कोण जाणे.

तेव्हा नोरीननं पिशवीतून एक छोटी निळी वही काढली आणि आयलीनपुढे ठेवली. "काकाच्या कोटाच्या खिशात होती. आम्हाला कोणालाच काही उलगडत नाही. तुम्हाला उलगडेल."

वहीत ओळीवर ओळी होत्या. तारीख, एक अक्षर, एक आकडा. के. १२. ए. ०. नी. ४०. परत के. मग नी. ७२. अशी पानंच्या पानं.

"घोडे," कोणीतरी म्हणालं.

"घोडे कसले?" टिमी-जो पुढे झुकला. व्हिस्कीनं त्याला धीर आला होता. "बायका आहेत या. ही के. म्हणजे कॅथलीन, ए. म्हणजे एलन. आणि नी. कोण बाई आहे देव जाणे, तिच्याकडे सारखा जायचा."

"टिमी-जो!" नोरीन ओरडली.

"अगं, मी कौतुकानंच म्हणतोय. आणि हे बघ, आ. आहे इथं. आ. म्हणजे आयलीन." त्यानं बोट ठेवलं. मग डोळे बारीक करून वाचलं. "समोर शून्य आहे."

सगळे आयलीनकडे बघायला लागले आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा खराखुरा राग चढला.

"शून्य?" ती म्हणाली. "शून्य असणारच! मी या माणसाला जन्मात कधी पाहिलेलं नाही!"

कोणाचा तरी काटा बशीत पडला.

मी उभी राहिले. म्हटलं, "आम्ही पडकं चर्च बघायला आलो होतो हो. पीटर आणि पॉल विचारलं, आणि त्या कोबीवाल्या बाईनं इकडे पाठवलं. आत आल्यावर कळलं, पण मग बाहेर पडता येईना. मग तुम्ही मिठी मारलीत. मग सूप आलं."

नोरीन हळू आवाजात म्हणाली, "मग चर्चमध्ये इतकं रडत होतात ते?"

मी आयलीनकडे पाहिलं. आयलीननं माझ्याकडे.

"हसत होतो, पोरी," आयलीन म्हणाली. "आम्हाला क्षमा कर. फार वाईट वागलो."

नोरीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की काय, काही कळेना, आणि आम्हाला तर ते विचारायचा अधिकारच नव्हता. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून हेफर्ननचा शांत, गंभीर आवाज आला.

"बाईंनी मला दारात पास दाखवला. म्हणाल्या, दोन ज्येष्ठ नागरिक. मी म्हटलं, दुःखात प्रत्येकाची रीत वेगळी असते."

नोरीननं हात काढले. ती हसत होती. अशी हसत होती की खुर्चीवरून घसरून तिला टेबल धरावं लागलं. मग टिमी-जोनं टेबलावर मूठ आपटली आणि सगळ्या खोलीत हशा फुटला. फादर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "आणि मी माझ्या प्रवचनावर खूश झालो होतो हो!" हेफर्नन तेवढा हसला नाही. पण त्यानं सरबताचा पेला आमच्या दिशेनं जरासा उचलला.

हसू ओसरलं तशी नोरीन पुन्हा त्या वहीकडे बघायला लागली. "म्हणजे गुरुवारी कोणी नव्हतंच," ती म्हणाली. "एकटाच होता तो."

मी बटाटे चिवडत बसले. पण आयलीनला ते शून्य पचलं नव्हतं. तिनं वही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली, पुटपुटत. "नी. चाळीस. एप्रिल. नी. बहात्तर. मे..." मग तिचं पुटपुटणं थांबलं. ती इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली.

"कार्मेल! नीनाच्या मनोऱ्याला पायऱ्या किती?"

"एकशेएक," मी म्हटलं. "तूच तर मोजल्यास. शिव्यांसकट."

तिनं वही माझ्यापुढे आदळली. अठरा जून. नी. १०१. आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या, पेन्सिल कागदात रुतेपर्यंत.

"नीना!" आयलीन ओरडली. "बाई नाही हो, गाव! के. म्हणजे केहर, ए. म्हणजे एनिस. पायऱ्या मोजायचा तो, पायऱ्या! एप्रिलात चाळीस चढला आणि दम लागून परतला. मेमध्ये बहात्तरला परतला. आणि जूनमध्ये टोकाला पोचला!"

नोरीन वही हातात घेऊन बघतच राहिली. "डॉक्टरांनी त्याला साधा जिना चढायला बंदी केली होती."

"तो जिना नाही, पोरी. गोल गोल फिरत चढायचं असतं. मला विचार. वर वारा असा असतो की टोपी उडते."

"टोपी!" नोरीन म्हणाली. "जूनमध्ये टोपी हरवून आला होता. कुठे हरवली म्हटलं तर नुसता हसला."

वहीच्या मागच्या कप्प्यात त्याचा पास होता, आमच्यासारखाच, कोपरे झिजलेला. फोटोत तोही तुरुंगातून सुटल्यासारखाच दिसत होता. तो पास टेबलभर फिरला. मग एकेकाला आठवायला लागलं. शेजारच्या शेतकऱ्याला त्यानं एकदा केहरच्या किल्ल्याखालची बदकं किती माजलीत ते सांगितलं होतं; त्याला वाटलं होतं म्हातारा भ्रमात बोलतोय. हॉटेलच्या मालकिणीला त्यानं विचारलं होतं, मठातले जुने साधू इतक्या अरुंद जिन्यातून जेवणाची ताटं कशी नेत असतील? ती म्हणाली, "मला वाटलं माझ्या वाढप्यांना टोमणा मारतोय."

"मग ते आ.?" टिमी-जोनं विचारलं. तो जरा खट्टू झाला होता.

"आस्कीटन," मी म्हटलं. "तिथं नदीकाठी मठ आहे. नुसता बसला असेल. बसायला फार छान आहे तिथं."

"मला सांगायचं ना त्यानं," नोरीन म्हणाली. "मी काय खाल्लं असतं त्याला?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?" आयलीननं विचारलं.

नोरीननं पास परत वहीत ठेवला. टिमी-जो पेला घेऊन उभा राहिला. "एकशेएक!" तो म्हणाला, आणि सगळे उठून ओरडले, "एकशेएक!" शेजारच्या दालनातले वाढपी दारात येऊन बघायला लागले. मग कोणीतरी एकपासून मोजायला सुरुवात केली. सगळी माणसं, पेले हातात, एक, दोन, तीन, चार, टेबलावर मुठी आपटत. चाळिसाला सगळे थांबले आणि धापा टाकल्या. बहात्तरला पुन्हा. नव्वदनंतर आवाज इतका चढला की फादरांचा गळा बसला. एकशेएकला आयलीननं माझी टोपी काढून छताकडे फेकली. ती दिव्यात अडकली आणि अजून तिथंच असेल.

त्या गोंधळात मी सहज खिडकीकडे पाहिलं, आणि आमची बस रस्त्यावरून निघून गेली.

"आयलीन! साडेचारची!"

आम्ही धावत दारापर्यंत गेलो. बस वळणापलीकडे दिसेनाशी होत होती. नोरीन मागोमाग आली. "मी सोडते... छे, मी दोन घेतल्यात. कोण सोडेल?" सगळ्यांनी आपापल्या पेल्यांकडे पाहिलं आणि खाली माना घातल्या. मग टेबलाच्या टोकाचा माणूस उठला, तोंड पुसलं, काळा कोट अंगावर चढवला आणि म्हणाला, "माझी गाडी बाहेरच आहे."

गाडी म्हणजे शववाहिका. लांबलचक, काळी, आरशासारखी चमकणारी. पुढे तिघं मावतील अशी बैठक. आयलीन मध्ये, मी खिडकीशी.

"मागे कोणी नाही ना?" आयलीननं विचारलं.

"आत्ता नाही, बाई."

त्यानं गाडी काढली. दोघी जोडून हात मांडीवर ठेवून बसलो होतो, शाळेतल्या मुलींसारख्या. गावातून जाताना फुटपाथवरची माणसं थांबून क्रुसाची खूण करत होती. कोबीवाली बाई दुकानाबाहेर उभी होती; तिनं क्रूस करायला हात उचलला, आम्हाला ओळखलं आणि हात तसाच कपाळावर राहिला. आयलीननं तिला राणीसारखा हात केला.

गावाबाहेर पडल्यावर हेफर्नननं आधी समोर पाहिलं, मग आरशात. म्हणाला, "बायांनो, तीस वर्षांत मी या गाडीचा वेग कधी वाढवलेला नाही. कशी धावते ते मलाही माहीत नाही." आणि त्यानं पाय दाबला.

धावली! कुंपणं सपासप मागे जायला लागली. समोरचा ट्रॅक्टर आम्हाला बघून आदरानं बाजूला झाला. मोटारी बाजूला झाल्या. एका सायकलवाल्यानं उतरून टोपी काढली आणि आमच्या वाऱ्यानं ती टोपी शेतात गेली. आयलीन किंचाळत होती, मी खिडकीचा दांडा घट्ट धरून बसले होते, आणि तो गंभीर माणूस ओठ मिटून, पाठ ताठ ठेवून गाडी हाणत होता. पण त्याचे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं.

ब्रफ गावाच्या थोडं आधी बस दिसली. त्यानं तिला मागे टाकलं आणि पुढे जाऊन वेग कमी केला. झालं भलतंच. पास्कलनं शववाहिका बघून बसचा वेग आणखी कमी केला आणि थोडं अंतर ठेवून अदबीनं मागून यायला लागला. आम्ही हळू, तर तो हळू. आयलीन माझ्यावरून वाकून खिडकीतून हात हलवत होती, तर बसमधले प्रवासी माना खाली घालून बसलेले.

"थांबा आता," ती म्हणाली, "नाहीतर असेच लिमरिकपर्यंत जाऊ."

हेफर्नननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बसही थांबली. पास्कल बसमधून उतरून टोपी काढून उभा राहिला, चेहरा पडलेला. दार उघडून आम्ही दोघी खाली उतरलो, केस विस्कटलेले, माझं डोकं उघडं, आयलीनच्या कोटावर बीफचा डाग.

पास्कलच्या हातातली टोपी गळून पडली. "येशू, मेरी आणि जोसेफ," तो म्हणाला, "मी गाईंबरोबर झोपा म्हटलं होतं!"

हेफर्नननं आमच्याशी हात मिळवले. पहिल्यांदाच हसला, दात फार सुंदर होते त्याचे. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "पडकं चर्च नदीकडच्या रस्त्यानं. पण आधी माझ्याकडे विचारा."

आम्ही बसमध्ये चढलो. सगळी बस आमच्याकडे बघत होती, श्वास रोखून. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं सरकून जागा दिली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"डेव्ही क्वेड," आयलीन म्हणाली. "किल्मॅलकचा. नीनाच्या मनोऱ्यावर चढला होता, पार टोकापर्यंत."

"अरेरे. तुमच्या जवळचे होते?"

आयलीननं कोटावरचा बीफचा डाग नखानं खरवडला.

"दुपारपासून," ती म्हणाली.